तिसरे आठ तास कुणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माणसाने आठवड्याला किती तास काम करावे, या वादावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अधूनमधून मजकूर येतो आणि मी तो आवर्जून वाचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी असे म्हटले, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे आणि रविवारीही कामावर बोलावण्याविषयीचे विधान गाजले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या बदलाला मान्यता दिली. तिन्ही वेळा भरपूर शाई खर्च झाली, पण ती सगळी पगाराच्या तासांवर. उरलेले तास कुठे जातात, आणि ज्या गोष्टी आपण आयुष्यात मोलाच्या मानतो असे चारचौघांत सांगतो त्यांच्या वाट्याला त्यातले किती येतात, हे कुणी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही. हा प्रश्न मलाही आपणहून पडला नव्हता. तो एका सरकारी सर्वेक्षणाने माझ्या घरात आणून टाकला.

मी सांगलीत राहतो. एका सहकारी बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. घरी पत्नी आणि ब्याण्णव वर्षांची आई. मुलगा, सून आणि नात पुण्यात. २०२४ च्या पावसाळ्यात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात आमचे घर निवडले गेले आणि एका सकाळी हातात टॅब घेतलेली एक तरुण मुलगी दारात उभी राहिली. घरात माणसे किती, उत्पन्नाचे साधन काय, असले प्रश्न संपल्यावर ती म्हणाली, "काका, आता काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत, ते अर्ध्या अर्ध्या तासानं सांगा."

सहापर्यंत झोप, मग फिरणे, चहा, वर्तमानपत्र, स्नान, पूजा, इथवर मी धडाधडा सांगत गेलो. अकरा ते एकच्या चार खणांपाशी मात्र गाडी अडली. आदल्याच दिवशी, स्वतःच्याच घरात, अकरा ते एक मी काय करत होतो, हे मला काही केल्या आठवेना. त्या मुलीने समजुतीने "मोबाइल बघत होतात का?" असे विचारले आणि मी "असेन" म्हणालो. पत्नीची पाळी आली तेव्हा नेमका उलटा प्रकार झाला. एका अर्ध्या तासात, किमान दहा मिनिटे चाललेली, अशी जास्तीत जास्त तीनच कामे नोंदवता येतात. हिच्या सकाळी सहा ते साडेसहाच्या खणात पाच कामे होती आणि त्यातली कोणती गाळायची यावर दोघींची बराच वेळ चर्चा चालली होती. आईने तर "माझं काय लिहितेस बाळ, मी बसूनच असते" म्हणून हात झटकले. तरी खोदून विचारल्यावर तिने मेथीच्या दोन जुड्या निवडल्या होत्या आणि फुलवाती वळल्या होत्या असे निघाले. मेथीची चाळीस मिनिटे त्या मुलीने घरकामात धरली. माझ्या नावावर त्या दिवशी घरकामाचे मिनिट एकही नव्हते.

या सर्वेक्षणाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. देशभरातल्या सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांतल्या, सहा वर्षांवरील साडेचार लाखांहून अधिक माणसांच्या दिवसाचा हा हिशेब आहे. त्यात दिसते ते असे की, आदल्या दिवशी घरातल्यांसाठी बिनमोबदला घरकाम केलेल्या स्त्रिया शंभरात ८१.५ होत्या आणि त्यांनी त्या कामाला सरासरी २८९ मिनिटे दिली. असे काम केलेले पुरुष शंभरात २७.१ होते आणि त्यांनी दिलेली मिनिटे ८८. वर्तमानपत्रांतून हे २८९ आणि ८८ एवढेच आकडे शेजारी शेजारी छापले गेले आणि त्यामुळे पुरुषांची बाजू आहे त्यापेक्षा बरी दिसली, कारण ज्यांनी कामाला हातच लावला नाही ते तिहत्तर पुरुष त्या सरासरीत धरलेले नाहीत. सगळ्यांवर वाटून पाहिले तर स्त्रीमागे चार तासांना चार मिनिटे कमी आणि पुरुषामागे सुमारे चोवीस मिनिटे पडतात. असले गुणाकार-भागाकार करण्यात माझा जन्म गेला आहे, तेव्हा हा हिशेब चुकीचा नसावा.

ते अकरा ते एक मात्र डोक्यातून जाईना. बँकेत दिवसाअखेरीस रोकड जुळली नाही तर कुणी घरी जात नसे. इथे तर चार खण हिशेबातूनच गायब होते. मग मी एक दोनशेपानी वही आणली आणि एकवीस दिवस, त्या मुलीच्याच पद्धतीने, अर्ध्या तासाच्या खणांत माझा दिवस लिहायचा असे ठरवले. पहिल्या पानावर, नोंदी सुरू करण्याच्या आधी, मला मोलाच्या वाटणाऱ्या चार गोष्टी लिहिल्या : आई, वाचन, सार्वजनिक काम, घरातली समता. त्या आधी लिहिल्या हे बरे झाले, कारण तीन आठवड्यांनंतर लिहायला बसलो असतो तर हिशेबाकडे पाहून मी यादीच बदलली असती.

एकवीस दिवसांची तेरीज काढली तेव्हा रोज सरासरी तीन तास दहा मिनिटे मोबाइलच्या नावे निघाली आणि वर्तमानपत्र व दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांच्या नावे दोन तास वीस मिनिटे. ही दुसरी रक्कम मी सार्वजनिक कामात जमा करून पाहिली, पण आमच्या वेळच्या एखाद्या लेखापरीक्षकाने ती नोंद लाल शाईने खोडली असती हे मला कळत होते. पुस्तकाला पंचवीस मिनिटे, आईला अठरा आणि घरकामाला बावीस मिनिटे आली होती, म्हणजे देशातल्या सगळ्या पुरुषांच्या त्या चोवीस मिनिटांनाही मी दोन मिनिटे कमी पडत होतो. बँकेत ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्याला टाकत असू. माझ्या वहीतल्या सस्पेन्सला रोज दोन तास पस्तीस मिनिटे होती. वेळ 'जातो', आपण तो 'घालवतो', फार तर 'मारून नेतो', ही क्रियापदे आपल्या भाषेत का आहेत, ते हे खाते पाहिले की समजते. वेळ 'दिला' असे म्हणायचे तर समोर माणूस लागतो, आणि माझ्या वहीत माणसे फारच थोडी होती.

यातला सर्वांत जिव्हारी लागलेला आकडा घरकामाचा, आणि त्याला कारण आहे. नोकरीत असताना मी कर्मचारी संघटनेत होतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही एकोणिसाव्या शतकापासून कामगार चळवळीने लावून धरलेली मागणी मी १ मेच्या सभेत किती वेळा समजावून सांगितली असेल याची गणती नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लावून धरलेली मागणी १० जून १८९० रोजी मान्य होऊन गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हे तर मी तारखेनिशी सांगत असे, आणि ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालताना भाषणही माझेच असे. लोखंड्यांचा तो रविवार माझ्या घरी मला पोहोचला होता. पत्नीचा रविवार हा आठवड्यातला सर्वांत जड वार होता. सगळे घरी, दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक, आल्यागेल्याचा चहा आणि संघटनेचे दोन-तीन कार्यकर्ते जेवायला. तिसरे आठ तास मी सभेत मागत होतो, ते मला कित्येक वर्षे मिळतही होते, आणि ते कुणाच्या खात्यातून नावे पडत होते हे पाहण्याची गरज मला तेव्हा वाटली नाही. माझे वाचन, माझी वाचनालयाची समिती, माझी चळवळ, ही सगळी मूल्ये मी दुसऱ्याच्या वेळेवर जोपासली. मूल्यांप्रमाणे वेळ द्यावा असे सांगणारी माणसे हल्ली पुष्कळ भेटतात, पण या देवघेवीचा उल्लेख त्यांच्या सांगण्यात नसतो, म्हणून हे पत्र.

वही मिटली आणि सकाळची कामे मी घेतो असे घरात जाहीर केले. पत्नीने "बरं" एवढेच म्हटले. आईला थायरॉइडची गोळी सकाळी द्यायची असते. पहिले चार दिवस मी ती गोळी आणि चहा एकदमच दिला. पाचव्या दिवशी पत्नीच्या लक्षात आले तेव्हा कळले, की ही गोळी उपाशीपोटी द्यायची आणि नंतर अर्धा तास तरी चहा-बिस्किट काही द्यायचे नाही. नऊ वर्षे हे माझ्या घरात, माझ्या जन्मदात्या आईच्या बाबतीत, रोज पाळले जात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कुकरची वाफ झाकणाच्या कडेने जाऊ लागली की रिंग थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायची असते, हेही मी सदुसष्टाव्या वर्षी शिकलो.

महिनाभराने मला वाटू लागले की आता हिचा दीड तास तरी मोकळा झाला असेल. तसे काहीच झाले नव्हते. मी ओट्याशी आणि ती स्वयंपाकघराच्या दारात, असे आम्ही दोघे उभे असायचो. मी जरा रागानेच विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नुसता कुकर लावता. डाळ संपत आलीय, उद्या भाजी कुठली, आईंच्या गोळ्या किती उरल्यात, हे कुणाच्या डोक्यात असतं?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. सर्वेक्षणाच्या खणांत हातांनी केलेले काम येते. दुपारी पडल्या पडल्या उद्याच्या भाजीचा विचार करणाऱ्या बाईच्या नावावर तिथे विश्रांती लिहिली जाते. तेव्हापासून वाण्याची यादी, गॅसचा नंबर लावणे आणि आईची औषधे, ही तीन खाती मी काम आणि आठवण यांसकट माझ्याकडे घेतली. दोनदा साखर संपली आणि एकदा दूधवाल्याला दोन वेळा पैसे दिले गेले. बँकेत असे झाले असते तर मेमो मिळाला असता.

त्याच दिवसांत मी तिला, लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटले तरी चालेल, तुला काय मोलाचे वाटते असे विचारले. माझ्या यादीसारखे मोठाले शब्द येतील अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "सकाळी तासभर कुणी हाक मारू नये." आता ती सहाला घराबाहेर पडते आणि सव्वासातला परत येते. कृष्णेच्या घाटावर जाते एवढे मला ठाऊक आहे. तिथे काय करते ते मी विचारत नाही.

यंदाच्या जानेवारीत मी पुन्हा एकवीस दिवस वही लिहिली. घरकाम एक तास पस्तीस मिनिटांवर गेले आहे, आई एक तास पाच मिनिटांवर, आणि मोबाइल व बातम्या दोन्ही मिळून तीन तासांच्या आत आल्या आहेत. आईच्या त्या तासात थोर असे काही घडत नाही. मी तिची नखे कापतो, आपले वर्तमानपत्र तिला मोठ्याने वाचून दाखवतो. तिला आधी निधनवार्ता लागतात आणि मग, माहेर शेतकऱ्याचे असल्याने, बाजार समितीत हळदीचा दर काय निघाला ते. दर कमी निघाला की ती अजूनही कुणावर तरी चिडते. पुस्तकाची मिनिटे मात्र पंचवीसची तीस झाली, त्यापुढे हलली नाहीत, आणि आता सस्पेन्स खात्यात शिल्लक असतानाही हलली नाहीत. वाचन हे खरोखरच माझे मूल्य आहे की मला वाचक म्हणवून घेणे आवडते, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

हे सगळे मी पुण्याच्या मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, यादी माझीही हीच आहे, पण तास माझ्या हातात नाहीत." तो कोथरूडहून हिंजवडीला जातो, जाण्यायेण्यात अडीच-तीन तास मोडतात आणि परततो तेव्हा नात झोपलेली असते. त्याचे म्हणणे निम्मे मला मान्य आहे. वाहतुकीच्या कोंडीत सापडलेल्या माणसाला तुझी मूल्ये तपास असे सांगणे हा अजागळपणा आहे. उरलेले निम्मे मान्य नाही, कारण सूनही तेवढेच अंतर कापून नोकरीला जाते आणि नातीचा डबा सकाळी तीच भरते.

कारखान्यांतल्या बारा तासांचा विचारही मला याच जागेवरून करावासा वाटतो. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, मोबदला मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. तरीही बारा तास कारखान्यात आणि वर जाण्यायेण्याचा वेळ घालवून आलेला पुरुष घरात आणखी काही करील ही अपेक्षा कुणी ठेवणार नाही. त्याच्या वाट्याची उरलीसुरली चोवीस मिनिटेही घरातल्या बाईकडे जातील, आणि संमतीपत्रावर तिची सही कुठेच नसेल. ती बाई स्वतः कामगार असेल तर तिला ही सवलतही नाही. बीडकडून आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या जोडप्यांत नवरा-बायको दोघेही एकाच फडात राबतात, पण फडावर निघण्याआधी अंधारात उठून भाकरी थापणारी एकटी बायको असते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई पाच घरी कामे करतात. त्यांच्यापुढे वहीचा विषय काढण्याइतका मी निर्ढावलेलो नाही. वही लिहावी ती ज्यांच्या हिशेबात सस्पेन्स खाते निघते त्यांनी, म्हणजे पेन्शनरांनी, ठरावीक वेळेत सुटणाऱ्या नोकरदारांनी, आणि समतेवर भाषणे देणाऱ्या माझ्यासारख्यांनी.

आता आपल्याकडे एक विनंती. वेळ-वापर सर्वेक्षणाची बातमी २०२५ मध्ये मी ज्या ज्या वर्तमानपत्रांत पाहिली, तिथे ती महिला पुरवणीत किंवा आतल्या पानावर, पाककृतीच्या शेजारी होती. त्याच सर्वेक्षणात असेही आले आहे, की १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी आदल्या दिवशी घरातल्यांच्या सेवाशुश्रूषेला सरासरी १४० मिनिटे दिली होती आणि तेवढ्याच वयाच्या २१.४ टक्के पुरुषांनी ७४ मिनिटे. पहाटे चार ते पहाटे चार या चोवीस तासांत देश कुणाच्या श्रमावर चालतो याचा हा ताळेबंद आहे आणि ताळेबंद अर्थपानावर छापतात. पुढच्या खेपेला ही आकडेवारी येईल तेव्हा आपण ती शेअर बाजाराच्या आणि हळदीच्या दरांच्या पानावर छापावी. महिला पुरवणी आमच्या घरी मी कधी उघडली नव्हती. दरांचे पान आता मला रोज मोठ्याने वाचावे लागते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
विश्रामबाग, सांगली